‘उदाहरणार्थ’ माणूस : मराठी कथनसाहित्यातील सामान्यत्वाचा प्रश्न

१

‘सामान्य माणूस’ ही संज्ञा मराठी समीक्षेत इतक्या सढळपणे वापरली गेली आहे की तिचा अर्थ स्वयंसिद्धच मानला जातो. महाकाव्यातील वीरपुरुषाची जागा कादंबरीत कारकून, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी यांनी घेतली, हे विधान व्याख्यानांतून आणि अभ्यासग्रंथांतून वारंवार केले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. सामान्य माणूस कथनाचा विषय होणे ही एक गोष्ट आणि सामान्य असणे हे कथनाने मूल्य म्हणून स्वीकारणे ही दुसरी. सामान्य माणसाची निवड करून अखेरीस त्याला असामान्य ठरवणारी कथने मराठीत विपुल आहेत. खेड्यातला शाळामास्तर शेवटी ध्येयवादी निघतो, राबणारी विधवा त्यागमूर्ती निघते, चाळीत राहणारा कारकून प्रसंगी धीरोदात्त होतो. लेखक अशा माणसांना निवडतो ते त्यांच्या साधेपणासाठी. परंतु वाचकाने त्यांची दखल घ्यावी ती मात्र त्यांच्या ठायी दडलेल्या थोरवीसाठी, अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे सामान्यत्व हे येथे वेषांतर असते, आणि कथानकाचे काम ते वेषांतर उतरवण्याचे असते.

याच्या उलट, आपण इतरांसारखेच एक आहोत, असाधारण होण्याची धडपड हीच मुळात तपासून पाहण्यासारखी गोष्ट आहे, असा स्वीकार ज्या कथनात घडतो त्याची रचना कशी असते? त्या स्वीकाराच्या पूर्वअटी कोणत्या? आणि तो स्वीकार सर्वांना सारखाच उपलब्ध असतो काय? भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह ही दोन्ही पुस्तके १९६३ या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. ती शेजारी ठेवून वाचली तर या प्रश्नांना काही निश्चित आकार येतो. त्यांच्या अलीकडे-पलीकडे लक्ष्मीबाई टिळक, दया पवार आणि श्याम मनोहर यांचे लेखन ठेवले म्हणजे तो आकार अधिक स्पष्ट होतो.

२

प्राचीन साहित्यशास्त्राने नायकाची कल्पना निःसंदिग्धपणे असामान्यत्वावर उभी केली. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत या चारही प्रकारांत ‘धीर’ हे पद समान आहे. ‘मृच्छकटिका’तील चारुदत्त हा राजा नाही, तो निर्धन झालेला ब्राह्मण सार्थवाह आहे, तरी त्याचे दारिद्र्यही त्याच्या औदार्यातून आलेले असते, आणि म्हणून ते त्याला उणेपण आणत नाही. नायक सामाजिक दृष्ट्या खाली येऊ शकतो, गुणांनी खाली येऊ शकत नाही.

परंतु याच साहित्यशास्त्राने रसास्वादाची उपपत्ती मांडताना जी संकल्पना मध्यवर्ती केली ती आहे ‘साधारणीकरण’. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने वेगळ्या भूमिकेतून स्वीकारलेली ही संकल्पना सांगते की रंगभूमीवरील राम हा त्या विशिष्ट देशकाळातील राम म्हणून प्रेक्षकाला प्रतीत होत नाही. त्याची विशिष्टता गळून पडते आणि त्याचा भाव सर्वांचा होतो. म्हणजे नायक असामान्य, पण कलाव्यापाराची दिशा मात्र असामान्याकडून साधारणाकडे जाणारी. राजाचा शोक हा राजाचा उरत नाही म्हणूनच तो आस्वाद्य होतो.

आधुनिक कादंबरीच्या समीक्षेत ही दिशा नेमकी उलटी झालेली दिसते. नायक साधारण, आणि समीक्षेचा व्यापार त्याला विशेष करण्याचा. साधारणीकरणाच्या जागी एक प्रकारचे विशेषीकरण येते. याला आधार देणारी उपपत्तीही हाताशी होती. लुकाचने ‘प्रातिनिधिक’ आणि ‘सरासरी’ यांत केलेला भेद मराठीतील मार्क्सवादी समीक्षेला परिचित होता. युगाचे निर्णायक अंतर्विरोध ज्याच्या ठायी एकवटतात ते पात्र प्रातिनिधिक, आणि जे केवळ बहुसंख्यांसारखे असते ते सरासरी; वास्तववादाला हवे ते पहिले. दुसरीकडे अस्तित्ववादी परिभाषेने परात्म, उपरा, बंडखोर अशी विशेषणे पुरवली. दोन परंपरांची वैचारिक बैठक भिन्न असली तरी एका बाबतीत त्यांचे एकमत होते : केवळ सामान्य असणाऱ्या माणसापाशी समीक्षेने थांबण्याचे कारण नाही. तो कशाचा तरी प्रतिनिधी असला पाहिजे किंवा कशाविरुद्ध तरी उभा असला पाहिजे.

३

‘कोसला’च्या स्वीकाराचा इतिहास हे या विशेषीकरणाचे ठळक उदाहरण आहे. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो, संमेलने आणि चर्चामंडळे यांत मिरवतो, वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परततो. कथानक म्हणून सांगण्यासारखे यात फार थोडे आहे. त्या काळी ग्रामीण भागातून शहरात शिकायला गेलेल्या असंख्य मुलांचे असे झाले असेल. ही असंख्यता कादंबरीला पूर्णपणे ठाऊक आहे. निवेदकाच्या तोंडी सतत येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द साठोत्तरी गद्याची लकब म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांचे अनुकरणही पुष्कळ झाले. परंतु ते लकबीपेक्षा अधिक काही आहेत.

‘उदाहरणार्थ’ म्हणणारा स्वतःला अनेकांतील एक म्हणून मांडतो. त्याच्या जागी दुसरे उदाहरणही चालले असते, ही शक्यता तो शब्द उघडी ठेवतो. ‘वगैरे’ हा शब्द यादी अपुरी ठेवतो. जे सांगितले त्याच जातीचे आणखी बरेच आहे आणि ते सांगण्याची गरज नाही, असे सुचवतो. आत्मचरित्रात्म कथनाचे बळ सहसा अनन्यतेच्या दाव्यात असते : हे माझ्याच बाबतीत घडले, म्हणून ऐका. पांडुरंगाचे निवेदन हा दावा पहिल्यापासूनच मागे घेते. स्वतःविषयी बोलताना तो स्वतःला नमुन्यादाखल समोर ठेवतो. पांडुरंग आणि त्याचा मित्र स्वतःच्या काळाकडे भविष्यातील इतिहाससंशोधकाच्या नजरेने पाहतात तो भागही याच वृत्तीचा विस्तार आहे. शतकांच्या अंतरावरून पाहिले की आजची सारी प्रतिष्ठा उत्खननात सापडलेल्या खापरांसारखी होते, आणि आज कोण मोठा व कोण लहान हा भेद हास्यास्पद ठरतो.

तथापि येथे एक धोका आहे, आणि तो कादंबरीने टाळलेला नाही. त्याला ती सामोरी गेली आहे. सर्वच माणसे उदाहरणे असतील तर एकाच्या जागी दुसरे ठेवता येईल. मग कोणाचे जगणे आणि कोणाचे मरणे यांत फरक काय उरला? धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळते. मनी कोणत्याही अर्थाने असामान्य नाही. ती एक लहान मुलगी आहे. तिने काही केलेले नाही, तिच्याकडून काही होणार होते असेही कादंबरी सुचवत नाही. देवीने त्या काळात असंख्य मुले गेली. या मृत्यूला उदाहरण म्हणण्यास सर्व परिस्थिती अनुकूल असताना पांडुरंगाला तसे म्हणता येत नाही. त्याचा उपहास येथे पुरा पडत नाही. स्वतःला अनेकांतला एक मानणारा निवेदक मनीला अनेकींतली एक मानू शकत नाही.

कादंबरीतील सामान्यत्वाचा विचार या ठिकाणी खोल होतो. सामान्य म्हणजे बदली करता येण्याजोगे, हे समीकरण ती मोडते. असामान्यत्वाच्या मूल्यव्यवस्थेत माणसाचे अनन्यत्व त्याच्या कर्तृत्वावर अवलंबून असते. ज्याचे कर्तृत्व नाही तो गर्दीतला. मनीचा मृत्यू दाखवतो की अनन्यत्वाला कर्तृत्वाची गरज नसते. जी काहीच विशेष नव्हती ती पुन्हा मिळणार नाही, एवढेच तिचे वेगळेपण, आणि ते पुरेसे आहे.

मराठी समीक्षेने मात्र पांडुरंगाला नकार देणारा, व्यवस्था धुडकावणारा, पिढीचा आवाज असलेला प्रतिनायक ठरवले. हे वाचन सर्वस्वी निराधार नव्हते. कादंबरीत नकार आहे आणि तो तीव्र आहे. परंतु प्रतिनायक हाही नायकच असतो. चिन्ह बदलले तरी स्थान तेच राहते. परीक्षेत नापास होणे ही पांडुरंगाच्या दृष्टीने मिरवण्याची गोष्ट नव्हती. त्याच्या अपयशाला बंडाचे तेज देऊन समीक्षेने त्याला पुन्हा त्या स्पर्धेत उतरवले जिच्यातून तो बाहेर पडला होता. नेमाडे यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तोवर ‘कोसला’ला ५० वर्षे उलटून गेली होती आणि ती अभिजात ठरली होती. कादंबरीचे असे होणे स्वाभाविक आहे. तिच्या निवेदकाचेही तसेच व्हावे हे मात्र त्याच्या भाषेच्या विरुद्ध जाते.

४

पांडुरंग गावी परत जातो. या परतण्याला पराभव म्हणावे की शहाणपण, याची चर्चा झाली आहे. परतण्यासाठी गाव आहे, गावात घर आहे, घराला शेती आहे आणि वडिलांना गावात मान आहे, या साध्या भौतिक वस्तुस्थितीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. असामान्य होण्याचा हट्ट सोडणाऱ्याला खाली कुठेतरी जमीन लागते. पांडुरंगाला ती लागते. वडिलांशी त्याचे कितीही वैर असो, त्याच्या सामान्यत्वाचा खर्च वडिलांच्या उत्पन्नातून भागतो.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बागुलांच्या शीर्षककथेत ही जमीनच नाही. निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे येतो. त्याची इच्छा अतिशय साधी आहे : काम करावे, राहायला भाड्याची खोली मिळावी. पांडुरंगाने जे टाकून दिले त्याच्याही अलीकडची ही पायरी आहे. पण खोली मागताना जात विचारली जाते, आणि ती सांगितली तर खोली मिळणार नाही. निवेदक जात सांगत नाही. तो शिकलेला आहे, कविता करतो. त्यामुळे त्याच्याविषयी आदर निर्माण होतो, त्याचे आतिथ्य होते. पुढे जात कळते आणि त्याच हातांनी त्याला मार बसतो. जात न लपवता ताठ मानेने वावरणारा काशिनाथ त्याला सोडवतो.

या कथेचे वाचन सामान्यतः अन्याय, क्रौर्य आणि विद्रोह यांच्या अंगाने झाले आहे, आणि ते योग्यच आहे. सामान्यत्वाच्या प्रश्नाच्या संदर्भात मात्र तिच्यातील एक रचनाविशेष लक्षात घ्यावयास हवा. निवेदकाला त्या जगात दोनच स्थाने उपलब्ध आहेत. जात अज्ञात असेतोवर तो असामान्य आहे, विद्वान आहे, कवी आहे, पूजनीय आहे. जात ज्ञात होताच तो माणसाच्या खाली जातो. मधले स्थान, म्हणजे खोली भाड्याने घेऊन राहणारा एक रेल्वे कामगार हे स्थान, त्याला कोणीच देत नाही. आदर आणि मार ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये जिथे बाकीचे सर्वजण सहजपणे राहतात ती जागा त्याच्यासाठी नाही. मार खाल्ल्यानंतरही तो मारणाऱ्या व्यक्तींना दोष देत नाही, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या धर्मव्यवस्थेला देतो. कारण प्रश्न माणसे वाईट असण्याचा नसून ही मधली जागा कोणाला द्यायची हे आधीच ठरलेले असण्याचा आहे.

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा हा पेच आणखी आत गेला. हे आत्मकथन दगडू मारुती पवार दया पवारांना सांगतो आहे, अशी त्याची योजना आहे. सांगणारा आणि ऐकणारा एकच माणूस आहे. पण एकाकडे महारवाड्याच्या आणि मुंबईतल्या कावाखान्याच्या आठवणी आहेत, आणि दुसऱ्याकडे शिक्षण, नोकरी व लेखक म्हणून मिळालेले नाव. ही विभागणी केवळ कथनाची सोय नाही. शिकलेल्या दलित माणसाला समाज ज्या एकाच अटीवर जवळ करतो ती अट म्हणजे त्याने अपवाद असावे. ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही’ ही दाद त्या अपवादाला दिलेली असते, आणि ती स्वीकारणे म्हणजे दगडूला नाकारणे. पवारांनी दगडूला बोलू दिले, एवढेच नव्हे तर संपूर्ण कथन त्याच्या हाती सोपवले, यातील नैतिक निर्णय हा सामान्यत्वाच्या बाजूने घेतलेला निर्णय आहे.

मराठीत ‘उदाहरण’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक नमुना : अनेकांपैकी कोणताही एक. दुसरा दाखला : इतरांनी ज्याचे अनुकरण करावे असा एखादाच. पांडुरंग पहिल्या अर्थाने उदाहरण होतो आणि त्यात त्याला मोकळे वाटते. दलित कथनातील शिकलेल्या निवेदकावर उदाहरण दुसऱ्या अर्थाने लादले जाते. त्याच्या यशाने साऱ्या समाजाची पात्रता सिद्ध व्हायची असते, आणि त्याच्या एका चुकीने ती नासणार असते. सुमार असण्याची, चुकण्याची, नापास होण्याची मुभा हीदेखील वाटून घ्यायची संपत्ती आहे. तिची वाटणी विषम झालेली आहे. म्हणून सामान्यत्वाचे गुणगान करणारी समीक्षा जर ते सरसकट उपदेशाच्या पातळीवर नेईल, तर ती ज्यांना धडपडीवाचून गत्यंतर नाही त्यांच्या धडपडीची नालस्ती करील. बागुलांची कथा सामान्यत्वाच्या मूल्याला विरोध करत नाही. ते मूल्य आधी हक्क म्हणून मिळवावे लागते, असे ती सांगते.

५

या विषम वाटणीचे दुसरे रूप घराच्या आत आढळते. १९३०च्या दशकात क्रमाने प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचे मराठीतील स्थान निर्विवाद आहे. त्याची साधी बोली, प्रसन्न विनोद आणि प्रांजळपणा यांचे कौतुक सर्वांनी केले. पण या प्रांजळपणाला एक निश्चित भूमी आहे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक हे सर्वार्थाने असामान्य पुरुष होते : कवी, धर्मचिंतक, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारून आप्तस्वकीयांचा रोष पत्करणारे. असा पुरुष घरात असला की घराचे काय होते, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगते. तो न सांगता निघून जातो, हातचे देऊन टाकतो, एका क्षणी निर्णय घेतो आणि त्या निर्णयाची वर्षे दुसऱ्या कोणाला तरी निभावावी लागतात. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या. मधली विरहाची आणि मानसिक ओढाताणीची वर्षे त्यांनी काढली.

टिळकांचे धर्मांतर चरित्रग्रंथांतून वैचारिक घटना म्हणून येते. लक्ष्मीबाईंच्या कथनात सोवळेओवळे सुटण्याची प्रक्रिया पाणी, स्वयंपाक, पंगत अशा रोजच्या गोष्टींतून घडते, आणि म्हणूनच ती किती कठीण होती हे कळते. पतीच्या थोरवीविषयी त्यांच्या मनात किंतु नाही. तरी त्या थोरवीकडे त्या खालून वर पाहत नाहीत. शेजारी बसून पाहतात आणि पुष्कळदा हसतात. हसण्यात त्या स्वतःलाही वगळत नाहीत. असामान्य माणसाचे मोजमाप सामान्य माणसाने करण्याची ही रीत आहे. तिच्यात असूया नाही आणि शरणागतीही नाही. बाईला सामान्यत्व निवडावे लागत नाही, ते तिला न विचारता मिळालेले असते. लक्ष्मीबाईंनी त्या मिळालेल्या स्थानाचे निवेदकाच्या स्थानात रूपांतर केले. ‘आपल्याला काय कळते’ असे म्हणता म्हणता जे कळले ते सगळे सांगून टाकणारी ही निवेदनपद्धती मराठी गद्याची मोठी कमाई आहे. असामान्यांच्या चरित्रांनी भरलेल्या परंपरेत चरित्रनायकाच्या शेजारच्या माणसाने सांगितलेले हे आत्मचरित्र त्याच्या चरित्रालाही पुरून उरले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

६

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सामान्यत्वाचा स्वीकार हा अल्पसंतुष्टतेचा गौरव ठरणार नाही काय? ज्या समाजात बरे चालले आहे एवढ्यावर समाधान मानण्याची सवय खोल रुजलेली आहे त्या समाजाला सामान्यत्वाचे मूल्य शिकवणे म्हणजे सुमारपणाला तत्त्वज्ञान पुरवणे होईल. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे सर्वांत कसोशीचे उत्तर श्याम मनोहर यांच्या लेखनात मिळते.

‘हे ईश्वरराव हे पुरुषोत्तमराव’ (१९८३), ‘कळ’ (१९९६), ‘खूप लोक आहेत’ (२००२), ‘उत्सुकतेने मी झोपलो’ (२००६) या त्यांच्या कादंबऱ्यांतून वावरणारी माणसे बहुतांशी मध्यमवर्गीय आहेत. नोकरी, संसार, शेजार, आजारपण, निवृत्ती हाच त्यांचा परिसर. ‘खूप लोक आहेत’ हे शीर्षकच असंख्यतेचे विधान आहे, आणि त्यात तक्रारीचा सूर नाही. मनोहरांचा निवेदक या माणसांना थोर करत नाही, त्यांची कीवही करत नाही. तो छोट्या, सरळ वाक्यांत त्यांच्याविषयी माहिती देत राहतो, आणि त्या कोरड्या माहितीतून विनोद निर्माण होतो. परंतु मध्येच एखाद्या पात्राला प्रश्न पडतो : सत्य म्हणजे काय, जगात ज्ञान कसे निर्माण होते, आपल्या घरात ते का निर्माण होत नाही? प्रश्न विचारणारा माणूस सामान्यच राहतो. प्रश्न पडल्याने तो तत्त्वज्ञ होत नाही, उत्तर सापडल्याने महापुरुष होत नाही. बहुधा उत्तर सापडतही नाही. तरी तो प्रश्न हास्यास्पद नसतो.

मनोहर हे कथात्म लेखनाकडे ज्ञानशाखा म्हणून पाहतात, ही त्यांची भूमिका सर्वपरिचित आहे. सामान्यत्वाच्या चर्चेत तिचा अर्थ असा की जिज्ञासा हे असामान्यांचे राखीव कुरण नव्हे. असामान्यत्वाची उपासना करणारा समाज विचार करण्याचे काम मोजक्या थोरांवर सोपवतो आणि स्वतः त्यांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या करण्यास मोकळा होतो. या अर्थाने सुमारपणा हे सामान्यत्वाचे फळ नाही; ते थोरपूजेचे फळ आहे. ज्याने आपण थोर नाही हे मान्य केले, त्याला ‘हे माझे काम नव्हे’ असे म्हणण्याची सवलत मिळत नाही. त्याला आपल्या बुद्धीने, आपल्या वेळात, आपल्या घरात बसून विचार करावा लागतो. मनोहरांची पात्रे हे बहुतेक वेळा साधू शकत नाहीत. त्यांचे ते न साधणे कादंबरी लपवत नाही, आणि त्यावरून त्यांना रद्दही करत नाही.

नेमाडे यांच्या पुढील लेखनातही अशी वाट दिसते. ‘बिढार’, ‘हूल’ (दोन्ही १९७५), ‘जरीला’ (१९७७) आणि ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवत हिंडतो. त्याच्यापाशी पांडुरंगासारखी परतीची सोय वापरण्याची वृत्ती नाही. तो भाड्याच्या खोल्यांत राहतो, वर्गावर जातो, संस्थांचे क्षुद्र राजकारण पाहतो आणि पुन्हा बिऱ्हाड हलवतो. पांडुरंगाच्या बाबतीत निवृत्ती असलेले सामान्यत्व चांगदेवच्या बाबतीत रोजचे काम झालेले आहे. समीक्षेने चतुष्टयापेक्षा ‘कोसला’वर अधिक प्रेम केले, त्याचे एक कारण कदाचित हेच असेल की कामावर जाणाऱ्या माणसाला प्रतिनायक करणे अवघड असते.

७

वरील कृतींवरून सामान्यत्वाविषयी तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, सामान्यत्व हा पात्राचा गुणधर्म नसून निवेदकाने पात्राशी आणि स्वतःशी जोडलेले नाते आहे. कारकुनाची कथा असामान्यत्वाच्या भाषेत सांगता येते आणि टिळकांसारख्या पुरुषाची कथा सामान्यत्वाच्या भाषेत. दुसरी, सामान्य असणे म्हणजे कोणीही असणे नव्हे. मनीच्या मृत्यूत जे अनन्यत्व प्रत्ययाला येते त्याला गुणवत्तेचा पुरावा लागत नाही. आणि असा पुरावा न मागता माणसाला अनन्य मानणे हा सामान्यत्वाच्या मूल्याचा गाभा आहे. तिसरी, हे मूल्य स्वीकारण्याची मोकळीक सर्वांना सारखी मिळालेली नाही. ज्याला खोली मिळत नाही त्याला साधेपणाने जगण्याचा सल्ला देता येत नाही. त्याच्यासाठी खोली मागणे हेच सामान्यत्वाच्या बाजूचे कृत्य ठरते.

संतकवींनी देवापाशी लहानपणाची याचना केली तेव्हा त्यांनी मोठेपणाच्या यातनांचाही हिशेब मांडला होता. त्या याचनेतील विनम्रतेचे कौतुक परंपरेने केले. त्यातील सामाजिक अर्थ मात्र बऱ्याच अंशी अस्पर्शित राहिला. शेतात, मागावर, दुकानात काम करणाऱ्या माणसाने आपले काम न सोडता कवी होणे, आणि कवी झाल्यावरही त्याच माणसांत राहणे, ही मराठी साहित्याच्या आरंभकाळातील वस्तुस्थिती आहे. तिच्यात प्रतिभा आणि सामान्यत्व यांत विरोध मानलेला नाही. तो विरोध पुढे आला. प्रतिभावंताच्या रोमँटिक कल्पनेने तो पक्का केला, आणि समीक्षेने तो निमूटपणे वारशात घेतला.

म्हणून ‘सामान्य माणूस’ ही संज्ञा वापरताना समीक्षेने स्वतःच्या व्यापाराची दिशा तपासणे अगत्याचे आहे. पात्राची दखल घेण्यासाठी त्याला प्रतिनिधी, बंडखोर किंवा महात्मा करण्याची गरज भासत असेल, तर उणीव पात्रात नसून दखल घेण्याच्या रीतीत आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताने राजाचे दुःख सर्वांचे करण्याची सोय केली होती. जे आधीच सर्वांचे आहे त्या दुःखाकडे पाहण्याची परिभाषा मराठी समीक्षेला अद्याप घडवायची आहे, आणि ती घडवण्याची सामग्री तिच्याच भाषेतील या कथनांत आहे.